टेन्शन एक नसतं, तीन असतात

महाराष्ट्रात दरवर्षी जून ते ऑगस्ट, कधी कधी सप्टेंबरपर्यंत, एक प्रवेशप्रक्रिया चालते जिच्याबद्दल पेपरात फारसं काही छापून येत नाही. बारावीच्या सीईटीचे टॉपर पहिल्या पानावर झळकतात, नीटवर टीव्हीवाले तासन् तास बोलतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागणारी मुलं मात्र तालुक्याच्या सायबर कॅफेत किंवा मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर गुपचूप ऑप्शन फॉर्म भरत असतात. आम्ही त्याला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणायचो. नाव ऐकून वाटतं, काहीतरी शॉर्टकट असावा. प्रत्यक्षात ते दोन महिने फार लांब असतात.

या प्रवेशाला सीईटी नसते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या टक्केवारीवर मेरिट लागतं. म्हणजे ज्या दिवशी निकाल लागतो, त्या दिवशी तुमच्या हातातलं मुख्य हत्यार संपलेलं असतं. ७८.३५ टक्के म्हणजे ७८.३५. त्यानंतर पुन्हा परीक्षा नाही, मुलाखत नाही, तुम्ही कोण आहात हे सांगायची कुठलीही जागा नाही. आणि जागाही मोजक्या: कॉलेजच्या मंजूर जागांच्या १० टक्के, अधिक पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या. ज्या कॉलेजांत काही रिकामं राहतच नाही, नेमकी तीच सगळ्यांना हवी असतात.

यातून मी गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. दर पावसाळ्यात नात्यातलं किंवा गावाकडचं कुणीतरी फोन करतं: “दादा, झोप लागत नाही. काय करू?” सुरुवातीला मीही इतरांसारखंच सांगायचो, टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं नीट. त्याने कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नाही. हळूहळू लक्षात आलं की ज्याला ही मुलं ‘टेन्शन’ म्हणतात, त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. एक, कामाचं टेन्शन. दोन, निर्णयाचं. तीन, वाट बघण्याचं. तिन्हींचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की त्रास वाढतो.

कामापासून सुरुवात करू. माझ्या बाबतीत ते होतं कागदपत्रांचं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर. या यादीतला प्रत्येक कागद वेगळ्या खिडकीवर मिळतो, आणि प्रत्येक खिडकीला स्वतःच्या तारखा असतात. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चपर्यंत चालणारं असतं. मागच्या वर्षीचं मार्चमध्ये संपलं की पुन्हा सेतू केंद्राची रांग. जात वैधतेचा अर्ज जातपडताळणी समितीकडे महिनोन् महिने आधी टाकलेला असावा लागतो. वडिलांच्या, कधी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद शोधावी लागते. आमच्यासाठी पप्पांनी डेपोतून एक दिवसाची रजा टाकली आणि गावच्या शाळेत जाऊन आजोबांच्या नावाचा उतारा काढून आणला. त्या पिवळ्या कागदाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे.

हे टेन्शन खरं असतं, आणि ते ध्यानधारणेने जात नाही. ते फक्त रांगेत उभं राहून जातं. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. इथे एक वही लागते. कुठला कागद, कुणाकडे, किती दिवस, आज काय करायचं. रशियन मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली लिहिलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाऊमायस्टर या दोघांनी त्याला जोड दिली: काम पूर्ण व्हायलाच हवं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी डोक्यातली भुणभुण कमी होते. रात्री अडीच वाजता ‘डोमिसाइलचं काय’ असं वाटत राहतं, ते म्हणूनच. ‘मंगळवारी अकरा वाजता तहसील कचेरी’ असं वहीत लिहिलं की ते गप्प बसतं.

दुसरं टेन्शन निर्णयाचं. त्याचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे ऑप्शन फॉर्म. कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या आपल्या पसंतीच्या क्रमाने लावायच्या. इथे जितके सल्ले मिळतात तितके लग्नातही मिळत नसतील. सायबर कॅफेवाला सांगतो, “व्हीजेटीआय वर टाकू नकोस, तुझं मेरिट नाही. वरचं वाया गेलं की खालचंही हातातून जाईल.” व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी म्हणतं, पहिल्या पाचांत ‘सेफ’ कॉलेज टाका. मुलं घाबरतात आणि ज्या कॉलेजात मनापासून जायचंय, त्यालाच खाली ढकलतात.

ही भीती वेडगळ नाही. जगात अशा प्रवेशपद्धती होत्या आणि आहेत, जिथे पहिली पसंती चुकली की दुसऱ्या पसंतीची जागा ती पहिली लिहिणाऱ्यांनी आधीच भरलेली असते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळाप्रवेश अनेक वर्षं असेच व्हायचे. तिथे पालकांना खरंच डावपेच लढवावे लागत. अल्विन रॉथ आणि इतर अर्थतज्ज्ञांनी हा दोष दाखवून दिल्यावर २००५ मध्ये तिथल्या शाळा-मंडळाने ती पद्धत सोडायचं ठरवलं. अशाच प्रकारच्या वाटपाच्या अभ्यासासाठी रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडची कॅपची फेरी मात्र मेरिटच्या रांगेने चालते. समजा, तुमचा मेरिट क्रमांक ४,२१२ आहे. तुमच्या पुढच्या ४,२११ जणांचं वाटप झालं की संगणक तुमची यादी उघडतो आणि वरून खाली वाचत जातो. पहिलं कॉलेज, जागा आहे? नाही. दुसरं? नाही. तिसरं? आहे. दिली. मग ४,२१३ वा. आरक्षणाच्या प्रवर्गांमुळे जागांचे गट वेगवेगळे असतात, पण यादी वाचण्याची दिशा तीच. तुम्ही वर अशक्य कॉलेज लिहिलं म्हणून तुमच्या मागचा मुलगा तुमच्या पुढे जात नाही. वरचे दहा पर्याय हुकले तरी अकरावा तपासताना तुमचा क्रमांक ४,२१२ च राहतो.

हे मला एका सरांनी फळ्यावर चार चौकोन काढून समजावलं होतं, आणि त्या दिवशी निम्मं ओझं उतरलं. पुढे प्रोग्रामिंग करताना कळलं की हा दहा-बारा ओळींचा साधा लूप आहे. तेव्हा नियम सोपा: जिथे सर्वांत जास्त जायचंय ते सर्वांत वर, मग त्यानंतरचं, मग त्यानंतरचं. शक्यता मोजायचं काम रांग करते, ते तुमचं नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा पक्की समजली जाते, पुढच्या फेरीत ‘आणखी बरं’ मागता येत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही असं कॉलेज ग्रुपवर नाव ऐकलं म्हणून यादीत, विशेषतः वर, टाकू नये. फेऱ्यांचे बारीक नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावेत, कुणाच्या स्क्रीनशॉटवरून नाही.

माझा खरा निर्णय मात्र ऑप्शन फॉर्मच्या बाहेर होता. शेवटच्या सेमिस्टरमध्ये कॅम्पसला पुण्याची एक कंपनी आली होती. टेक्निकल सपोर्टची नोकरी, महिना बारा हजार, रुजू व्हायची तारीख १ ऑगस्ट. आमच्या घरात बारा हजार ही लहान रक्कम नव्हती. धाकट्या बहिणीची दहावी होती. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. एका रात्री जेवताना ते म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? नोकरी लागली, लागली. कॉलेजचं अजून कुणी सांगितलंय?” आई म्हणाली, “त्याला शिकायचंय तर शिकू द्या की.” पप्पा गप्प बसले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं आणि हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त त्रास होत होता.

दोन दिवस मी हे नुसतंच डोक्यात घोळवलं. काही निष्पन्न झालं नाही, कारण प्रश्नच हवेत होता: ‘नोकरी की कॉलेज?’ कुठलं कॉलेज, किती फी, राहायचं कुठे, हे न ठरवता या प्रश्नाला उत्तर नसतं. मग मी आणि पप्पा कागद घेऊन बसलो. यादीतल्या प्रत्येक कॉलेजसमोर वर्षाची फी लिहिली. आम्ही ओबीसी, त्यामुळे शिक्षणशुल्काचा निम्मा भार सरकार उचलणार होतं, तो वजा केला. हॉस्टेल किंवा खोली, मेस, एसटीचा पास. शेवटी नवव्या क्रमांकाखाली पप्पांनीच पेनाने एक रेघ मारली. “हिच्यावरचं मिळालं तर कॉलेज. खालचं मिळालं तर पुण्याला नोकरी. मग रडायचं नाही कुणी.”

त्या रेघेने जे केलं ते कुठल्याही समजुतीने झालं नसतं. निकालाच्या दिवशी घ्यायचा निर्णय निकालाआधीच, डोकं शांत असताना घेतला गेला. आता यादीत काहीही आलं तरी पुढचं पाऊल माहीत होतं. आणि तो निर्णय माझ्या एकट्याचा उरला नव्हता. आपल्याकडे अशा वेळी मुलगा एका कोपऱ्यात, बाप दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे आई, असं चित्र असतं. आकडे कागदावर आले की तिघं एका बाजूला बसतात.

तिसरं टेन्शन वाट बघण्याचं, आणि हे सगळ्यात लबाड. इथे करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, तरी आपण काहीतरी करत असल्याचं सोंग आणतो. मागच्या वर्षीचे कटऑफ चाळीस वेळा बघायचे. संकेतस्थळ रिफ्रेश करायचं. दोनशे जणांच्या ग्रुपवर ‘७८ ला कॉम्प मिळेल का’ विचारायचं आणि ज्यांना स्वतःचंच माहीत नाही त्यांची उत्तरं वाचायची. घरात देव पाण्यात, शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की, “काय रे, लागला का नंबर?” मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते याच दिवसांत पटतं.

वाट बघण्यावर कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी बरंच संशोधन केलं आहे. वकिलीची परीक्षा दिलेल्या पदवीधरांचा त्यांनी अभ्यास केला. तिथे निकालाला चार महिने लागतात. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष मला दिलासा देणारा वाटतो: काळजी कमी करायचे लोकांचे नेहमीचे उपाय या काळात फारसे चालत नाहीत. आणि जे लोक काळजीत राहिले, वाईटाचीही तयारी ठेवून होते, ते बातमी आल्यावर तुलनेने बरे सावरले. म्हणजे वाट बघताना पोटात गोळा येतो, यात तुमचं काही बिघडलेलं नसतं. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असंही दाखवलं की ज्यात माणूस पूर्ण गुंगून जातो, जे ना फार सोपं ना फार अवघड असतं, अशा कामात असताना वाट बघणं सुसह्य होतं. टीव्ही बघण्याने ते होत नाही, कारण टीव्ही बघताना डोकं मोकळंच असतं.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊ लागलो. विंडोज टाकून देणं, हार्ड डिस्कमधले लग्नाचे फोटो वाचवणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं. दिवसाला दीडशे रुपये मिळायचे. सकाळी दोन तास एम-थ्री, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. डिप्लोमावाल्यांचं पहिलं वर्ष हुकलेलं असतं. प्रवेश उशिरा झाल्यामुळे वर्ग सुरू होऊनही काही आठवडे गेलेले असतात, आणि समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म उभा असतो. त्याच्यासाठी लागणारं इंटिग्रेशन मी त्या जुलैमध्ये घासून घेतलं. कुठलंही कॉलेज मिळालं तरी ते लागणारच होतं. संकेतस्थळ दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, बघायचं ठरवलं. ग्रुप म्यूट.

पहिल्या फेरीची यादी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागली. सातवा पर्याय. रेघेच्या वर. मी दुकानातून घरी फोन केला. पप्पा म्हणाले, “बरं. कंपनीला आजच कळव, त्यांना दुसरा पोरगा घेता येईल.” ती जागा राखून दुसऱ्या फेरीत वरचं मिळतंय का पाहिलं. नाही मिळालं. मी सातव्या पर्यायातूनच इंजिनिअर झालो. माझ्या वर्गातला एक मित्र त्याच पुण्याच्या नोकरीत रुजू झाला होता. तो आज माझ्याइतकाच बरा कमावतो, आणि काम सांभाळून संध्याकाळच्या वेळेत डिग्री करतोय. आमच्यापैकी कुणाचा निर्णय बरोबर होता, हा प्रश्न आम्हाला दोघांनाही आता पडत नाही.

हे तीन कप्पे फक्त आपल्याकडचे आहेत असं मला वाटायचं. मग टीममधल्या एका सहकारिणीशी बोलणं झालं. ती कॅलिफोर्नियात वाढली, आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकली आणि तिथून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर झाली. तिकडचा तो स्वस्तातला, बऱ्याच अंशी आपल्या डिप्लोमासारखाच, मागच्या दाराचा समजला जाणारा रस्ता. कामाचा कप्पा तिथेही आहे: कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय विद्यापीठात कशाच्या बदली धरला जाईल, हे ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर एकेक करून तपासावं लागतं. शिवाय चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची, स्वतःबद्दल. निर्णयाचा कप्पाही आहे: सहा कॅम्पस असे आहेत, जे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची आधीच हमी देतात, त्यातलं एक हमीचं धरून बाकीकडे निर्धास्त अर्ज करायचा. आमच्या कागदावरची रेघच ती. आणि मग नोव्हेंबरअखेर अर्ज बंद झाला की मार्च-एप्रिलपर्यंत नुसती वाट.

ती म्हणाली, “तुमचं बरं, नुसता आकडा. आम्हाला नकार आला की वाटतं, माझी गोष्टच आवडली नाही.” मी म्हटलं, आकड्याचंही तसंच होतं. ७८.३५ हा काही महिन्यांचा हिशेब असतो, पण त्या दोन महिन्यांत तो आपलं नाव होऊन बसतो.

यंदा ज्यांचा फॉर्म भरायचाय त्यांनी वहीचं एक पान घ्यावं आणि तीन रकाने पाडावेत: करायचं, ठरवायचं, वाट बघायची. रात्री जे डोक्यात येईल ते आधी योग्य रकान्यात टाकावं. पहिल्या रकान्याला तारीख द्यावी. दुसऱ्यासाठी घरच्यांना सोबत घेऊन बसावं. तिसऱ्यात जे पडेल त्याच्याबद्दल आज काहीच करायचं नाही, हे मान्य करून एखादं गुंगवून टाकणारं काम धरावं. आणि काही दिवस असे आले की वहीही उघडवत नाही, खाणं-झोप सुटलीय, जगण्यातच अर्थ वाटत नाही, तर ते या तीन रकान्यांच्या बाहेरचं आहे. तेव्हा घरात किंवा मित्राला लगेच सांगावं, किंवा १४४१६ वर फोन करावा. ती सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू आणि मोफत.

आणि जिन्यात भेटणाऱ्या काका-काकूंना एक विनंती. नंबर लागला की पेढे घेऊन पोरगं स्वतःच तुमच्या दारात येतं. तोवर विचारायचंच असेल, तर कुठला कागद राहिलाय का, तहसीलला गाडीवर सोडू का, एवढं विचारा.